पदराखालचे हात

तानसेन, नेपाळ
१८ डिसेंबर

प्रिय आई,
जय भीम.

“हात गप ठेव आणि तोंडानं बोल.”

हे वाक्य तू मला म्हणालीस तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. तुझा डबा घेऊन अक्कलकोट रोडच्या कारखान्यात आले होते. आत माग धडाडत होते आणि त्या आवाजात तुम्ही सगळ्या बायका हातांनी बोलत होतात. अंगठा तोंडाकडं नेला की पाणी. दोन बोटं जुळवून फटकन वेगळी केली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की मालक आला, आणि मग सगळ्याजणी खाली मान घालून हसायच्या. मला ते इतकं आवडलं की घरी आल्यावर मी तुझ्याकडं हातानंच पाणी मागितलं. तू माझ्या हातावर चापट मारलीस आणि ते वाक्य म्हणालीस. मागांच्या शेडातलं बोलणं शेडातच राहू दे, असंही म्हणालीस.

तेच वाक्य निघायच्या दिवशी मी तुला ऐकवलं. तुझ्यासारखंच, चापट मारल्यासारखं.

आई, सिद्धांत चार वर्षांचा झाला. ‘मम्म’ सोडून त्याच्या तोंडून एक शब्द येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी स्पष्ट सांगितलं की घरात कुणीतरी त्याच्याशी खुणांनी बोलतंय, त्यामुळं त्याला बोलायची गरजच पडत नाही. हात बंद करा. घरात कुणीतरी म्हणजे कोण? मी ऑफिसात, रत्नदीप नोकरीसाठी करमाळ्याला, बुद्धप्रिया शाळेत. तो दिवसभर तुझ्याजवळ. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. त्यात मी म्हणून गेले, “आई, तुझ्यामुळं तो बोलत नाही.”

मग स्टेशनवर ते झालं. गाडीच्या खिडकीतून सिद्धांतनं तुझ्याकडं बघून बोट गोल गोल फिरवलं, मागासाठी सुताची कांडी भरताना ती फिरते तसं. तो त्याचा तुझ्यासाठीचा शब्द आहे, एवढं मलाही कळतं. तू त्याच्याकडं पाहिलंस आणि दोन्ही हात पदराखाली घेतलेस. गाडी हलली. कुर्डुवाडी येईपर्यंत तो ते बोट फिरवत होता.

मी फोन करते तर तू ‘हां हां, बरं बरं’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. परवा मी त्याच्या तापाचं सांगत होते आणि तू मला वांग्याचा भाव सांगितलास. रागावली आहेस, कळतं मला. म्हणून हे पत्र. कागदावर तरी तू मला मधेच ठेवून देणार नाहीस.

आता इथलं सांगते. लुंबिनीचं दर्शन झालं आणि बर्फाचे डोंगर दाखवायला आमच्या विहाराच्या मंडळींनी बस इथं वर आणली. वळणांवरच सिद्धांत तापला. दोन दिवसांनी सगळे खाली उतरले, परतीची तिकिटं होती त्यांची. विहारातले सिद्रामकाका बसच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, “पोरी, थांबू का मीबी?” मी नको म्हणाले. बस गेली आणि एका परक्या गावात, दोन लेकरांना घेऊन, मी एकटी उरले. घाबरायला हवं होतं. पण गाव असं आहे की घाबरायचं राहूनच गेलं.

इथं सपाट काहीच नाही. गल्लीसुद्धा इतकी उतरती की पोरं बसूनच घसरत जातात. घरांच्या खिडक्यांना कोरीव लाकूड. आणि सकाळी उठावं तर खालची दरी गायब. तिच्या जागी पांढरं धुकं काठोकाठ भरलेलं, दुधाचं तळं असावं तसं, आणि त्यातून टेकड्यांचे शेंडे बेटांसारखे वर आलेले. इथले लोक त्याला पांढरं सरोवरच म्हणतात. बुद्धप्रिया पहिल्या दिवशी ओरडली, “मम्मी, खाली समुद्र कुणी आणून ठेवला?” सिद्धांत मात्र खिडकीला नाक लावून बसतो आणि ऊन वर येऊन ते तळं आटेपर्यंत हलत नाही.

ताप उतरतोय. राग सोड. आम्ही आलो की त्याच्याशी तोंडानं बोलशील ना?

तुझी
संघप्रिया


भवानी पेठ, सोलापूर
२० डिसेंबर

संघू,
जय भीम. तुजं पत्र शेजारच्या प्रियंकानं मोबाईलवर मोठं करून दावलं. माजा कागद तीच फोटो काढून पाठवती. अक्षर कसंबी आलं तर हसू नगं, चौथीपतूरचं हाय.

राग-बिग कायबी न्हाय. फोनवर तुजं नीट येतच न्हाय. तू डोंगरावर, रेंज कुटनं येणार? आन वांग्याचं तूच इचारलीस म्हणून सांगितलं. कागदावर बरं. अक्षर कुटं पळून जात न्हाय, दोनदा वाचता येतं.

पोराच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठिव. डोक्याला टोपी घाल. बुद्धीला सांग, भावाचा हात सोडू नगं.

आता तू बोललीस त्याचं. त्यो बोलत न्हाय आसं कोण म्हणतं? दिवसभर बोलतो की माज्याशी. दुपारी निजायला घेतलं तर तोंड मिटत न्हाय. मांजर आली, ऊन आत आलं, शिवपुत्रचा टेंपो आला, आज्जी तुजा पाय दुखतो का, सगळं सांगतो. माज्या गालाला हात लावून तोंड आपल्याकडं वळवून घेतो आन सांगतो. तुमालाच ऐकायला येळ न्हाय. तू येतीस सातला, जावई येतो शनवारी. पोरगं पेंगायला लागलं की दोगं त्याच्या म्होरं बसनार आन म्हणनार, बोल बाळा, बोल. कसं बोलंल? पोपट हाय व्हय त्यो?

हात पदराखाली घेतले. तूच म्हणालीस हात गप ठिव. ठिवले. त्येचंबी तुला वाईट वाटलं व्हय?

हितं थंडी हाय. परवा कुकर जळाला, डाळ पार कोळसा. शिट्टीच वाजली न्हाय. आता नवी शिट्टी बघती. गड्ड्याची जत्रा लागायच्या आत या. पोरांना पाळण्यात बसवायचं हाय.

आई

(ताई, मी प्रियंका. फोटो नीट दिसतोय ना? कुकरच्या शिट्ट्या आमच्या घरापर्यंत येत होत्या, मी शेवटी पळत गेले. आजींना सांगू नका हं मी लिहिलं ते.)


तानसेन
२२ डिसेंबर

प्रिय आई,

कुकरचं वाचून मी आणि बुद्धप्रिया खूप हसलो. तू कुकर लावतेस आणि तुझ्या शेडातल्या निंगव्वामावशीशी गप्पा मारायला ओट्यावर जाऊन बसतेस, मला माहीत नाही होय?

सिद्धांतचा ताप गेला. इथल्या डॉक्टरांनी अजून आठवडाभर प्रवास नको म्हटलंय, म्हणून राहिलोय. आम्ही राहतो ते घर दिलमायादीदींचं. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात आणि खाली त्यांचे हातमाग आहेत. इथं टोप्यांसाठी एक कापड विणतात, अरुंद, आणि त्यात लाल-पिवळी-काळी नक्षी. आपल्या चादरीसमोर ते कापड म्हणजे रिबीन. दीदींशी मी माझ्या मोडक्या हिंदीत बोलते, त्या त्यांच्या मोडक्या हिंदीत बोलतात. त्यामुळं दोघींना एकमेकींचं सगळं समजतं.

काल दुपारी आम्ही खाली बसलो होतो. चार माग एकदम चालू झाले तशी बुद्धप्रियानं कानात बोटं घातली. तिला आवाज सोसत नाही. सिद्धांतनं मात्र दोन्ही तळवे मागाच्या लाकडावर टेकवले आणि डोळे मिटून घेतले. असं हसू मी त्याच्या तोंडावर फार दिवसांत पाहिलं नव्हतं. आपल्या घरच्या मांजरावर हात ठेवून बसतो ना, तसाच बसला होता.

मग एकदम डोळे उघडून त्यानं दीदींचा हात ओढला. दोन बोटं जुळवली आणि फटकन वेगळी केली.

दीदींनी माग थांबवून पाहिलं. धागा तुटला होता.

त्या इतक्या हसल्या, त्यांनी त्याला मांडीवर घेतलं, गुळाचा खडा दिला. आणि मी काय केलं, तर त्याचा हात धरून खाली केला. “असं नाही. तोंडानं सांग. धा-गा.” त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हात नव्हे, त्याचं तोंडच दाबून धरलंय असं पाहिलं.

मला तुझ्यावर रागवायचं नाहीये. पण तुझे हात इतक्या लांबही त्याच्याबरोबर आलेत. रोज झोपताना खिडकीकडं बघून तो ते बोट फिरवतो. मी म्हणते, “आजी म्हण. आ-जी.” तो माझ्या ओठांकडं फार मन लावून बघतो, स्वतःचे ओठ हलवतो, आणि झोपून जातो. मग मी बराच वेळ जागी असते. बाहेर धुकं खिडकीशी येऊन थांबतं. कधी वाटतं, आम्ही तिघं एका होडीत आहोत आणि ही होडी कुठं चाललीय हे फक्त त्यालाच माहीत आहे, आणि तो सांगत नाहीये.

हवा चांगली राहिली तर परवा वरच्या टेकडीवर जाऊ. तिथून बर्फ दिसतं म्हणे.

तुझी
संघप्रिया


भवानी पेठ
२३ डिसेंबर

संघू,

धागा तुटला म्हणाला? खरं?

मी त्याला शिकवलं न्हाय, आई शप्पत. बुद्धी म्हणती मी दुपारी झोपेत हात हलवती. इतकी वर्सं कांड्या भरल्या, हाताला सवय हाय. शेजारी निजून तितनं उचललं असंल त्येनं.

तुला चापट मारली ते तुला अजून आठवतं, पर कशापाई ते ठाव न्हाय. आमची पाळी सुटली की आमी चौघीजणी रस्त्यानं हातानं बोलतच यायचो. सवयच ती. पेठेतला एक दुकानदार रोज म्हणायचा, आल्या बघा मुक्या बाया. समदं दुकान हसायचं. तू हातानं पाणी मागितलंस तवा मला त्यो दुकानदार दिसला. तू माईकवर बोलावंस आसं मला वाटायचं. बोललीस की. चौदा एप्रिलला भाषण करायचीस तवा मी म्होरल्या रांगेत बसायची.

पोराला ते बोट फिरवल्याचा जबाब दे. मी दिला न्हाय, तू दे. हाताचा पंजा छातीवर ठिवायचा, बास. ‘हाय, हितंच हाय’ आसं हुतंय त्येचं. ते बघितल्याबिगर त्येला झोप लागत न्हाय.

तुज्या ताईंना चालत नसंल तर ऱ्हाऊ दे. तोंडानं सांग.

आई


तानसेन
२६ डिसेंबर

आई,

हे पत्र तू एकटी असताना वाच. प्रियंकाला फक्त मोबाईल धरायला सांग.

परवा आम्ही टेकडीवर गेलो. देवदारांसारखी उंच झाडं, पायाखाली त्यांची सुकलेली सुयांसारखी पानं, आणि माथ्यावर बर्फ बघायला बांधलेला फळ्यांचा एक लांबरुंद माच. ऊन होतं. समोर बर्फाची रांग उभी होती, पण ती जमिनीवर नाही, हवेतच उभी असल्यासारखी. सिद्धांत सुयांमधली फळं गोळा करत होता. मी त्याचा हात सोडला. बुद्धप्रियाच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

मान वर केली तेव्हा काहीच नव्हतं. खालचं ते पांढरं तळं उठून वर आलं होतं. एवढ्यात. झाडं नाहीत, बर्फ नाही, माचाचा कठडा नाही. माझाच हात लांब केला तर बोटं फिकट दिसत होती. आणि सिद्धांत नव्हता.

मी हाक मारली. पुन्हा मारली. त्या धुक्यात माझा आवाज फार लांब गेला, कुठल्यातरी डोंगराला लागून परतही आला. मी त्याचं नाव घेत होते, सोन्या म्हणत होते, गुंड्या म्हणत होते, शेवटी नुसती ओरडत होते. माचाला एका बाजूनं कठडा नव्हता. तिथं दरी होती. आई, धुक्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. फक्त आवाज उरतो. आणि माझा मुलगा आवाजाला ओ देत नव्हता.

तेवढ्यात बुद्धप्रियानं माझा पदर ओढला. अगदी शांतपणे म्हणाली, “मम्मी, हाक कशाला मारतीस? त्याला ऐकू येत नाही.”

“काय?”

“आज्जीसारखंच. आज्जीला बोलवायचं असलं की मी काय करते, बघ.”

तिनं दोन्ही पाय उचलून फळ्यांवर दाणकन आपटले. थांबली. पुन्हा आपटले. माच हलला, माझ्या तळव्यांना मुंग्या आल्या. मग आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो. इतकं गप्प मी आयुष्यात कधी उभी राहिले नसेन.

आणि धुक्यातून, अगदी जवळून, दोन छोटे पाय आपटल्याचा आवाज आला. दाण. दाण.

तो तिथंच होता. आमच्याकडं पाठ करून फळं ओळीनं मांडत बसला होता. मी त्याला उचललं तेव्हा त्यानं माझ्या गालाला हात लावून माझं तोंड स्वतःकडं वळवून घेतलं आणि बोट फिरवलं. मी छातीवर पंजा ठेवला. हाय, हितंच हाय. तो हसला. मी तिथंच खाली बसून रडले.

तसेच डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी त्याच्या पाठीमागं टाळ्या वाजवल्या, वाटी वाजवली, कानात बघितलं. बहुधा जन्मापासूनच असावं, म्हणाले. मोठे आवाज थोडे पोचत असतील, बाकी नाही. सोलापूरला जाऊन नीट तपासणी करा, कानाचं मशीन लावा, उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. जे थोडं उरलंय ते जपा, मोठ्या आवाजापासून लांब ठेवा. मागे एकदा तपासणीला नेलं होतं तेव्हा तो इतका रडला की ती राहूनच गेली. पुढं ताईंनी खुणांचं कारण सांगितलं, ते मला पटलं, कारण त्यात दोष दुसऱ्या कुणाचा तरी होता.

मी खोलीवर आले. बुद्धप्रियाला विचारलं, हे तू कधी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “मला वाटलं तुला माहितेय. तू मोठी आहेस की.”

आता तुला विचारते. वांगी, कुकर, फोन, सगळं माझ्या डोळ्यांपुढं ओळीनं येतंय. तुला ऐकू येतं का, आई?

मी रागावून विचारत नाही. पण हेही लपवत नाही. रोज सकाळी दार ओढून मी ऑफिसला जात होते आणि मागं दोन माणसं एकमेकांच्या भरवशावर ठेवत होते. गॅस, गल्लीतले टेंपो, कुणी दार वाजवलं तर… आता त्याला तुझ्याजवळ एकटं ठेवून जायला माझं पाऊल उचलेल की नाही, मला माहीत नाही.

संघप्रिया


तानसेन
१ जानेवारी

आई,

तुझं पत्र नाही. प्रियंका म्हणते, आजी कागद मागून घेतात आणि कोराच परत देतात.

मी फार कडू लिहिलं का? ते खोटं नव्हतं, म्हणून खोडत नाही. पण तू बोल. आज सकाळी दिलमायादीदींनी सिद्धांतला त्यांच्या कापडाची छोटी टोपी घातली, आणि आम्ही तिघांनी पांढऱ्या तळ्याचा निरोप घेतला. त्यानं दोन्ही हात हलवले. मी ते खाली केले नाहीत.

पाच तारखेला संध्याकाळी गाडी सोलापूरला पोचेल.

संघप्रिया


भवानी पेठ
३ जानेवारी

संघू,
जय भीम.

न्हाय येत ऐकू. आता लिवलं, सुटली.

कवापासनं ते सांगता येत न्हाय. एकदम जात न्हाय ते. आदी पाखरं गेली. मग पावसाचा आवाज गेला. मग पाठीमागनं कोण बोललं तर कळंना. शेडात कुणाला पत्ता लागला न्हाय, तितं समद्याच हातानं बोलायच्या. काम सुटलं तवा तू इचारायचीस, आई झोप येती का, घरी करमतं का. मी तुज्या तोंडाकडं बघून व्हय म्हणायची. दुकानदाराचं त्ये ‘मुक्या बाया’ ध्यानात हुतं. आता भैरीबी म्हणून घ्यायचं? मी कुणाला सांगितलं न्हाय. तुजं कॉलेजातलं भाषण, बक्षीस मिळालं त्ये, मी ऐकलं न्हाय. नुसतं बघितलं. लई चांगलं दिसत हुतीस बोलताना.

पोराचं मात्र मी लपवलं न्हाय. मला ठावच न्हवतं. तुजा इस्वास बसायचा न्हाय, पर ऐक. त्यो माज्याकडं बघून तोंड हलवायचा, हात हलवायचा, मला समदं समजायचं. तोंडातनं आवाज निघतो का न्हाय, ते मला कसं कळणार? तुमी म्हणायचा बोलत न्हाय, मला वाटायचं ह्यांनाच समजत न्हाय. चार वर्सं आमी दोगं गप्पा मारत बसलो, संघू. मला वाटलं त्यो बोलतोय. त्येला वाटलं आसंल, बोलणं म्हणजे ह्येच.

तुजं पत्र वाचून मी चार दिस दाराला आतनं कडी लावली. आन मग बघत बसली, कोण वाजवतं का. कडी हलली की मला दिसंल. भाईर कुणी ओरडलं तर? गॅस वास मारंल तर नाक हाय. पर पोरगं आतल्या खोलीत पडलं, रडलं तर? एवढे दिस काय झालं न्हाय, ही नशिबाची गोष्ट. तुजं पाऊल उचलणार न्हाय, बरुबर हाय. माज्याजवळ एकट्याला ठिवू नगं. प्रियंकाला म्हणलं, येशील का दुपारची? ती हसली, म्हणली, आज्जी, मी तर रोजच कान तुमच्या घराकडं ठिवून असती.

टेसनावर येती. हात पदराभाईर ठिवती. त्यो बोट फिरवंल तवा म्या छातीवर पंजा ठिवणार, मग तुज्या ताई बगत असल्या तरी.

कानाला मशीन लाव. शेरातल्या चांगल्या डॉक्टरला दाव. त्येला पाखरं ऐकू येऊ देत. मला म्हणशील तूबी लाव, तर लावीन, तुज्या मागं लागण्यानं न्हाय, त्येच्या शेजारी बसायला मिळंल म्हणून.

आता एक मागती. तू न्हाय म्हणशील. तू न्हाय म्हणालीस तर मी दुसऱ्यांदा इचारणार न्हाय.

मशीन लावायच्या आदी एकदा त्येला शेडात नेऊ दे. माग चालू असताना.

तू शपत घेतली हुतीस ना, तुजं एक लेकरूबी त्या शेडाच्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवणार न्हाय? ठाव हाय मला. डॉक्टर म्हणला मोठ्या आवाजापासनं जपा, तेबी वाचलं. दोनदा वाचलं. कान कशानं जातात ते मला कुणी सांगाय नगं.

पर धुक्यात तू हाका मारल्यास, हात तितं कामाचा न्हवता, पोरगं एकलं पडलं. शेडात हाक कामाची न्हाय. तितं निंगव्वाला ऐकू येत न्हाय. मालकाला येत न्हाय. भाईरनं कोण मोठा सायब आला तर त्येलाबी येत न्हाय, त्यो आमच्या तोंडाकडं येड्यावानी बघतो. तू आलीस तर तुलाबी काय येणार न्हाय, आमी काय बोलतोय ते त्येलाच तुला सांगावं लागंल. साऱ्या जगात ती एक जागा हाय, जितं माजा नातू कुणापेक्षा कमी न्हाय. त्येला ती एकदा दिसू दे. मग मशीन लाव, शाळंत घाल, माईकवर बोलव.

कापूस घालीन. वरनं फडकं बांधीन. दिलमायाबाईंची टोपी त्येच्यावर. आत न्हेणार न्हाय, दारातच उभी ऱ्हाईन त्येला कडंवर घिऊन. एक कांडी भरायला लागती तेवढाच येळ.

जाऊ देशील?

आई